सुनेला रडवणारा

फर्मीन वाट किलोमीटरमध्ये मोजत नाही.
गालात कोकाच्या पानांची गोळी धरतो,
तिचा कडूपणा उतरेपर्यंत जेवढं चालून होतं
तेवढं एक अंतर.
"खिंड अजून दोन गोळ्या," म्हणतो
आणि लामांच्या कळपामागे शीळ घालत निघून जातो
टायरच्या चपलांतल्या भेगाळ टाचांनी.
मी माझ्या महागड्या बुटांत
श्वास शोधत उभी.

दुसऱ्या दिवशी गारा पडल्या.
तिसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागला.
खिंडीत दगडावर दगड रचलेले,
येणाऱ्या प्रत्येकाने खालून आणलेला एकेक.
मी आणायचा विसरले होते.
फर्मीनने खिशातला काढून दिला, काही न बोलता,
परीक्षेत शेजारचं कुणी जादा पेन्सिल सरकवावी तसा.

पलीकडे पुमावासी. अकरा घरं.
उभ्या उतारावर पायनांगर दाबणारे दोघे
आणि त्यांच्यासमोर वाकून ढेकूळ उलथणारी बाई.
आज यांचं शेत, उद्या त्यांचं.
मजुरी कुणी मागत नाही,
विसरतही नाही कुणी.

रात्री फर्मीनच्या आईच्या चुलीपाशी,
पायांत गिनीपिगांची कुईकुई,
आसुंताने माझ्या हातात एक बटाटा ठेवला.
बटाटा कसला, आल्याचा गड्डा जणू:
गाठीवर गाठ, काळपट जांभळा, खाचांत माती.
तिने त्याचं नाव सांगितलं.
फर्मीनने आधी डोकं खाजवलं, मग म्हणाला,
"सुनेला रडवणारा."
मी इतकी हसले की आसुंता चमकून बघत राहिली.
कुठल्या देशातून आलीय ही,
जिला हे एवढं लगेच समजलं?

मग तिने सांगितलं.
सतरा वर्षांची होते. बाहेर पाहुणे चिचा पीत बसलेले.
सासूने हाच दिला, आणि एक बोथट सुरी.
साल निघाली पाहिजे, गर जाता कामा नये.
माझ्या साली जाड निघाल्या.
सासूने एकेक उचलून उजेडात धरली,
नोट खरी की खोटी बघतात तशी.

"मग काय म्हणाल्या?"

आसुंता लामाच्या वाळक्या लेंड्या
आगीत सारत राहिली बराच वेळ.
"काही नाही. तेच तर."

सँतुसा, म्हणजे ती सासू,
मोठा बर्फ पडला त्या वर्षी गेली.
शेवटी दात नव्हते तिला.
आसुंता सोलून, कुस्करून भरवायची.
"तोवर हात बसला होता माझा. कागदासारखी साल निघायची.
तिला मात्र दिसत नव्हतं."

फर्मीनची बायको कुस्कोत हॉटेलच्या खोल्या आवरते.
पहिल्यांदा इथे आली तेव्हा
शेजारणी दाराशी जमल्या होत्या बघायला.
"तिच्याही हातात हाच ठेवला," आसुंता म्हणाली.
"सुरी नाही दिली."

बोलता बोलता तिने मडकं उतरवलं.
सालीसकट उकडलेले,
हाताने फोडायचे, मिठाला लावून तोंडात टाकायचे.
आत पिवळाधमक, मध्ये जांभळं एक कडं.
दातांखाली माती कचकन लागली.
कुणी त्याबद्दल काही म्हणालं नाही,
मीही नाही.

सकाळी दंव इतकं की दोर वाकेना.
फर्मीनने ओझी आवळली, नवी पानं गालात सारली.
मी विचारलं, खालचं गाव किती लांब?
"तीन," तो म्हणाला.
मग माझ्या गुडघ्याकडे बघून,
"तुमच्यासाठी पाच."