बशी

बिटको चौकातून आत, जेलरोडच्या अंगाला
पिठाच्या गिरणीवर माझा बुद्धिबळाचा वर्ग.
खाली जातं सुरू झालं की वर प्यादी थरथरतात.
नवी पोरं दचकतात,
जुनी पोरं घोडा बोटाने दाबून धरतात
आणि विचार चालू ठेवतात.

हजेरीचं रजिस्टर सत्तावीस वर्षांचं.
उघडून बघा, मुलांपेक्षा त्यात
जगात कुठे कोण जिंकलं याचाच हिशेब आहे.

तो जाड भिंगांचा विश्वविजेता होता तेव्हा,
मुलाखतीत "हो" आणि "नाही" एवढंच बोलणारा,
माझ्याकडे अकरा मुलं.
आया म्हणायच्या, सर, खेळ नाही आला तरी चालेल,
जरा शांत झाला पाहिजे.

मग आला तो काळ्या गॉगलचा.
घड्याळ सुरू झाल्यावर नऊ मिनिटांनी यायचा,
हरला तर राजा आडवा करायचा नाही,
खिशात घालून निघून जायचा.
पंचांशेजारची जागा मिळाली म्हणून
एकदा विमानातूनच उतरला म्हणे.
खरं-खोटं देव जाणे, पण त्या जूनमध्ये
गिरणीच्या जिन्यावर त्र्याण्णव चपलांचे जोड!
सिन्नर फाट्यावरून रिक्षा भरभरून पोरं,
देवळालीगावच्या तालमीतले दोघे,
वजीर असा उचलायचे जसा नारळ फोडायचाय.
स्टेशनरीच्या दुकानावर पाटी : पट संपले, सोमवारी या.
पानाच्या टपरीवर चुना लावता लावता
माणसं सिसिलियन बचावावर भांडत होती.
त्याच वर्षी मी वर्गाला चार पंखे घेतले.

पण शेवटच्या डावाचा धडा कुणालाच नको.
राजा आणि एक प्यादं, समोर नुसता राजा,
घरं मोजत मोजत चालायचं.
त्यात गॉगल घालायला जागाच नाही.
उशिरा यायला मात्र सगळे शिकले,
आणि मे महिन्यापर्यंत
माझ्या डब्यातले सात राजे गेले.

पुढे तो अत्तराच्या जाहिरातीत दिसला,
मग कुठेच दिसला नाही.
जिन्याच्या पायऱ्या हळूहळू उघड्या पडल्या.
गिरणीवाले सानप म्हणाले,
"गर्दी भाजणीची असते, सर. दिवाळी सरली की
आपली रोजची ज्वारी."

मी तरी कुठे खेळाच्या ओढीने आलो होतो?
प्रेसच्या कॅन्टीनमध्ये कोंडाजी गांगुर्डे होते.
दिवसभर नोटांची बंडलं मोजायचे,
खिशात बसपुरते सुटे.
चाल सुचेपर्यंत कपावर बशी झाकलेली.
चाल केली की बशी बाजूला,
निवलेला चहा एका घोटात.
जिंकले तरी तेवढंच, हरले तरी तेवढंच.
भोंगा वाजायचा, बाकी बाकं सरकायची,
बशी हलायची नाही.
पहिले सहा महिने मी पट बघतच नव्हतो,
बशी बघत होतो.
प्रेसच्या फाटकाबाहेर
त्यांना कुणी ओळखत नव्हतं.
मी मात्र आजही कपावर बशी ठेवतो.

आता चार मुलं येतात.
पाचवी कस्तुरी पगारे,
दळण होईपर्यंत वर येऊन बसते.
विचारलं, तुला कोण आवडतो?
म्हणाली, "उंट. सरळ जातच नाही."
विजेत्यांपैकी एकाचंही नाव तिला ठाऊक नाही.

काल तिचा हत्ती कोंडला गेला.
बराच वेळ ती बघत राहिली,
मग माझ्या कपावरची बशी उचलून
आपल्या पाण्याच्या पेल्यावर ठेवली
आणि हनुवटी टेबलाला टेकवली.
माझा घसाच दाटला.
म्हटलं, हे कुठे शिकलीस?
"पीठ उडतं ना, सर."

कॅन्टीनमध्ये माशा फार होत्या.
इतक्या वर्षांत हे मला
आठवलंच नव्हतं.

खाली जातं थांबलं. आईने हाक मारली,
कस्तुरीऽ, झालं गं दळण.
मी बशीकडे बघत होतो.