भरतीची वेळ

मत्राच्या गल्लीत आमच्या खोलीला खिडकी एकच,
तीही डोंगराकडं तोंड करून.
समुद्र पाठीमागं, बंदराच्या शेडपलीकडं.
तो दिसायचा नाही, ऐकू यायचा
अब्बांच्या रेडिओत.

तपकिरी चामड्याचं कव्हर, त्याला भलत्याच रंगाचं बटण.
सेल मंदावले की अम्मी ते गच्चीवर
पापडांसारखे उन्हात घालायची,
आणि संध्याकाळी ते पुन्हा बोलायला लागायचे.

काटा मी फिरवायचे. आठ वर्षांची.
केसभर सरकवला की फारसी,
आणखी केसभर, उर्दूत गव्हाचे भाव,
मग कुणीतरी अरबीत इतक्या दुःखानं बोलायचं
की मला वाटे कुणी गेलं.
अब्बा म्हणायचे, "हवामान सांगतोय गं."
आणि दोन स्टेशनांच्या मधे ती खरखर.
"ही कुठली भाषा?"
क्रेनवरून उतरून आलेले अब्बा, डोळे मिटलेले:
"हर्णैची. भरती लागलीय तिकडं."
मी खरं मानलं. बरीच वर्षं.

खाली दाद करीम शिंप्याच्या दुकानात
चहाचा रिकामा ग्लास तोंडाशी धरून
मी बातम्या द्यायचे:
बशीर तिसेकरांच्या शर्टाला आज दोन बटणं कमी.
कुंजुमोनला मुलगी झाली, वजन अद्याप समजलेलं नाही.
श्रोते तीन. त्यातला एक मशीनवर डोकं टेकून झोपलेला.

पुढं कॅसेटी आल्या.
लिहिता न येणारे खोलीवर यायचे,
लाल बटण दाबून गप्प बसायचे.
डब्यासमोर बायकोशी बोलायचं काय?
मग मी बोलायचे, "त्यांची तब्येत बरी आहे.
कौलांचे पैसे पाठवलेत.
म्हशीचं नाव काय ठेवलं ते कळवा."
ते मान डोलवायचे, शेवटी एकदा खोकायचे.
तिकडं बायका म्हणे तेवढा खोकलाच
मागं नेऊन नेऊन ऐकायच्या.

हे मुलाखतीत मी सांगितलं नाही.
सांगितलं: डिप्लोमा, चार भाषा, रात्रपाळी चालेल.

आता तांबडा दिवा लागतो.
मिडियम वेव्ह, रात्री साडेअकरा ते एक.
मी बोलते बोटीवरच्यांशी, केबिनमधल्या पहारेकऱ्यांशी,
इस्पितळात कुणाच्या उशाशी जागणाऱ्याशी.
मधेच मुद्दाम थांबते, एका खोकल्याइतकी.
साहेबांना ते आवडत नाही.

अब्बा आता हर्णैला.
मोबाइलवर मी स्वच्छ ऐकू येते,
नातवानं लावूनही दिलं होतं. नको म्हणाले.
पडवीत तोच रेडिओ, तोच काटा.
सकाळी फोन: "काल फार छान बोललीस, झुलेखा.
आवाज जरा खोल होता, पण कळलं सगळं."

काल माझी सुट्टी होती.

"भरती होती का, अब्बा?"
"होती ना," म्हणाले. "पार पायरीपर्यंत."