तीस जूनच्या आत

शाळेचा मेल आला:
आपले खाते तीस जूनला बंद होईल.
आपले. किती आदरानं काढतात बाहेर.

निकालाच्या दिवशी वारके सर म्हणाले होते,
काही लागलं तर सांग, यामिनी.
आता लागलंय, तर सरांचा फोन लागत नाही.
शिष्यवृत्तीच्या पत्राचा फोटो हवाय, आठवीतला.
तेवढाच.
बाकी जाऊ दे म्हटलं, खुशाल जाऊ दे.

पासवर्ड बरोबर होता.
तो सांगणार नाही, त्यात एका मुलाचं नाव आहे
आणि तो मुलगा आता तितकासा आवडत नाही.
पण खातं म्हणालं, कॉम्प्युटर अनोळखी दिसतोय,
शेवटी सव्वीस असलेल्या नंबरवर
सहा आकडे पाठवलेत.

शेवटी सव्वीस, म्हणजे आईचं जुनं सिम.
रिचार्ज संपलं तेव्हा ती म्हणाली होती,
राहू दे, मला कोण फोन करतं.

मी लावला. लागला.
नरडाण्याच्या वजनकाट्यावरून एक बाई बोलली,
मागे ट्रकचा हॉर्न:
‘ओटीपी कोनले सांगानं नही, बँकवाला म्हनस.
अन् तू मांगी ऱ्हायनी.’
बरोबर आहे तुमचं, मी म्हटलं, मीही दिला नसता.
शाळेचं नाव सांगितलं, सावदा सांगितलं,
रोल नंबरसुद्धा सांगितला, कशाला कोण जाणे.
शेवटी आईचं नाव सांगितलं.

‘कमल?
कमलनी पोर शे का तू?
दोन साल व्हयनात माय,
उधनाथीन एक बाई फोन करस, दर दिवायीले.
कमल शे का, कमल शे का.
मी सांगस, राँग नंबर.
ती म्हनस, तरी सांगजो, लतानी फोन करा व्हता.’

मग तिनं सहा आकडे सांगितले,
एकेक,
भरल्या ट्रकचं वजन सांगावं तसे.

चौदाशे बारा फायली.
पेनड्राइव्ह भावेशच्या फोटो स्टुडिओतून आणलेला,
त्यात कुणाचातरी साखरपुडा, तो पुसायचा नाही या अटीवर.
अडतीस टक्के झाले आणि लाइट गेली.
पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा सहा आकडे. पुन्हा नरडाणा.
या खेपेला तिनं आधी विचारलं, ‘जेवनी का?’

घरी येऊन एकेक उघडत गेले.
‘शीर्षक नसलेला दस्तऐवज’, असे एक्केचाळीस.
आणि गृहपाठाचे फोटो, सगळे तिरके,
शाळा बंद होती त्या वर्षाचे.
प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात एक अंगठा.
पंख्यानं पान उडू नये म्हणून आईनं दाबून धरलेलं.
केळीचा चीक कापडाला लागला की जात नाही
हे ठाऊक होतं.
फोटोतूनही जात नाही.
एका प्रमेयाखाली बाईंचा शेरा आहे:
अंगठा दिसतो आहे, पुन्हा पाठव.
पुन्हा पाठवलेल्यात फक्त नख आहे.

शिष्यवृत्तीचं पत्रही सापडलं.
तारीख आहे, सही आहे, गोल शिक्का आहे.
जावक क्रमांकावर अंगठा.

संध्याकाळी आई पॅकिंगवरून आली, तिला दाखवलं.
शी, हात तरी धुवायचे होते मी, म्हणाली.
मग मी लताचं सांगितलं.
ती काही बोलली नाही.
मोरीत गेली, हात धुतले, बराच वेळ,
जणू आता परत फोटो काढायचा आहे.
माझा फोन मागितला.

लताचा नंबर नाहीये आपल्याकडे, मी म्हटलं,
त्या नरडाण्याच्या बाईला विचारावा लागेल.
थांब, तिचा लावून देते.

नको, म्हणाली, तो पाठ आहे मला.

आणि तिनं स्वतःचाच नंबर लावला.
दारात उभी राहिली, पाठमोरी,
आणि लग्न होऊन सावद्याला आल्यापासून
घडी घालून ठेवलेली बोली
तशीच, इस्त्री न करता, बाहेर काढली:

‘हा ताई.
मी कमल बोली ऱ्हायनी.’