लंबगोल

मकरपुऱ्याच्या कंपनीची फाइल सातला आली,
उद्या दहाला सादर करायची.
किरीटभाईंनी चार-तीनच्या स्लाइडी ओढून सोळा-नऊ केल्या होत्या.
"बेन, जरा बघून घे ने, कायतरी जाडं दिसतंय."

जाडं म्हणजे काय,
बॉयलरला सूज आली होती.
सगळे फ्लँज अंड्यासारखे,
गेजचा काटा आडवा पसरलेला,
फॉन्ट न मिळाल्याने आकडे एकमेकांच्या अंगावर.

फोटो ताणला की बिचारा फुटतो,
कण कण दिसतात, कुणालाही कळतं.
ही चित्रं तशी नाहीत.
चार बिंदू आणि त्यांच्यामधलं वळण,
एवढंच ती लक्षात ठेवतात
आणि दर वेळी नव्याने आखली जातात.
त्यामुळे चूकसुद्धा कशी स्वच्छ,
काठाला एक चरा नाही.

रुंदी शंभर, उंची शंभर, प्रमाणाला कुलूप.
निम्मी चित्रं तेवढ्यावर उठून बसली.
उरलेल्यांचे गट फोडले : अकराशे बारा तुकडे.
शिफ्ट दाबून वर्तुळामागून वर्तुळ.
दांडिया बाजारातली शटरं एकेक करून पडत गेली,
माझं बोट तिथंच.

साडेदहाला खानविलकर काका आले,
ब्याऐंशी साली ज्यांनी हे नकाशे
ट्रेसिंगवर शाईने काढले होते.
कुणी कळवलं कोण जाणे.
हेल्मेट तसंच डोक्यावर.
डब्यात शेवउसळ होती, माझ्यासाठी.
तिचं झाकण रुमालाला पुसून त्यांनी स्क्रीनला लावलं,
एका फ्लँजवर, मग दुसऱ्या.
झूम कमी कर. अजून. हां.
"गोल आहे," म्हणाले,
जसं कुणी ताप उतरला म्हणतं.

पाचव्या स्लाइडवर थांबले.
"हे कुणी केलं?"
मीच, म्हटलं, फारच ताणलं गेलं होतं ते.
"अगं, मॅनहोल आहे तो. लंबगोलच असतो.
झाकण आतून बसतं त्याला,
वाफ दाबेल तसं घट्ट होतं.
गोल भोकातून त्याहून मोठं गोल झाकण आत कसं घालशील?
लंबगोल तिरकं धरायचं, वळवायचं, जातं."
आणि डब्याचं झाकण हवेत तिरकं धरून
त्यांनी वळवून दाखवलं.
रश्शाचा एक थेंब कीबोर्डवर.

कंट्रोल-झेड इतकं मागे जात नाही.
सकाळची फाइल पुन्हा उघडली, त्यातलं भोक घेतलं,
तर तेही खोटं, लंबगोलाहून लांब.
"सोळा बाय बारा इंच," काका म्हणाले,
आठवावं लागलं नाही.

म्हणजे चार-तीन, मी हिशेब केला.
किरीटभाईंनी जिथून ओढायला घेतलं, तेच माप.
काकांना सांगितलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.
"शेव मऊ पडतेय," म्हणाले,
आणि तेव्हा कुठे हेल्मेट काढलं.