जाळी

नेब्रास्कात, तिसऱ्या कोरड्या वर्षी
गावातली बँक बुडाली.
बुडायला पाणी कुठे होतं,
ल्युडमिला म्हणाली. कुणी हसलं नाही.

लिंकनहून रिसीव्हर आला, सर्दी झालेला.
त्यानं दौती मोजल्या, पिकदाणीसुद्धा.
भिंतीवरच्या घड्याळाला
दर सोमवारी स्वतः किल्ली देत राहिला:
चालू असलं तर चार डॉलर जास्त येतील.
कॅशियर ओताकार बाकावर,
टोपी गुडघ्यावर,
विचारलं तेवढंच सांगायचा.

दोन वर्षांनी
डॉलरमागे अकरा सेंट हातावर पडले.
तेवढ्यात ल्युडमिलानं लिलावातून
काउंटरची पितळी जाळी उचलली,
खुराड्याला बसवली.

सकाळी खिडकीतून हात घालून
ती काढते
न ठेवलेलं काही, कोमट.

ओताकार रस्त्यानं जाताना थांबत नाही.
फक्त ओठांतल्या ओठांत मोजतो.