माग

टेप निवडण्यातच अर्धा तास गेला.
दुकानात लाल होती, पिवळी होती,
पण आमच्या बेळगावात त्या दोन रंगांत
माणसं भलतंच काही वाचतात,
म्हणून एका पात्याच्या टोकाला पांढरी, दुसऱ्याला निळी.
वजन सारखं राहावं म्हणून
दोन्ही तुकडे सोनाराच्या काट्यावर घातले.
खेळण्यातल्या हेलिकॉप्टरसाठी, म्हटल्यावर सोनार हसला.
हसू दे.

मच्छेच्या मागचा माळ, रविवार, सकाळचे सात.
खानापूरकडचा वारा नऊला उठतो,
तोवर जे काय ते.
रुद्राप्पा मग्गद दहा पावलांवर उकिडवा,
डोळा पात्यांच्या उंचीला आणून.
"अगदी रेषेत बसू नको बा," मी ओरडतो,
"पातं सुटलं तर सरळ गळ्याशी येतंय."
तो वीतभर सरकतो. तेवढंच.

रुद्राप्पाचा डोळा मागावरचा.
वडगावात त्याच्या चार पिढ्या
ताण्यातला एक सैल धागा
दिवा न लावता ओळखत आल्या.
मी उद्यमबागेत टर्नर. माझा डोळा बोटांत.

मोटर चढते.
दोन पात्यांची एक तबकडी व्हायला हवी,
होतात दोन,
एकीवर एक, मधे भाकरीच्या जाडीची फट.
"बिळी म्याल!"
पांढरं वर.
मोटर बंद. पाती पुरती थांबेतो
हात पाठीमागे बांधून उभा राहतो
(डाव्या अंगठ्यावर पाच टाके आहेत).
मग लिंक बॉलवरून उपसायची, अर्धा फेरा आत,
टक् वाजेतो दाबायची.
"इन्नू म्याल."
अजून अर्धा.
"नीली म्याल!"
आता निळं वर.

कमी फेऱ्यांवर दोघं भाऊ-भाऊ,
वेग दिला की वाटणी मागतात.
बोल्ट सारखे आवळलेले, डॅम्परचं रबर नवं,
पाती दोऱ्याला टांगून तोललेली.
मग कुठं?
"शेंगा खा," रुद्राप्पा म्हणाला.
नऊ वाजले. वारा आला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत
डबा न उघडता
पाती ज्यावर तोलून असतात तो आडवा दांडा बाहेर काढला.
पेन्सिलीहून बारीक.
व्ही-ब्लॉकवर ठेवला, डायल लावला, बोटानं फिरवला.
काटा गेला, परत आला.
आठ शतांश.

दिवसभर लोकांच्या दांड्यांत
दोन शतांश सापडले तरी मी माल बाजूला टाकतो.

दिवाळीत ते बटाट्याच्या सरीत पडलं होतं.
तेव्हा पाती बदलली, शेपटी बदलली,
आणि हा सरळ दिसतो म्हणून
पुसून परत बसवला.
सरळ दिसतो म्हणून.
असं काय काय परत बसवलंय, कोण जाणे.

नवा करायला तीन सुट्ट्या लागल्या.
फोरमननं बघितलं आणि बघितलं नाही.

पुढचा रविवार. दव. रुद्राप्पा उकिडवा.
मोटर चढली, अजून चढली,
आणि तो काहीच बोलेना.
"काय दिसालंय?"
"एनू इल्ल."
"काही नाही म्हणजे?"
"बिळी इल्ल, नीली इल्ल. एक रेघ."

उचललं.
खालचं गवत चारी बाजूंनी आडवं झालं,
दवाचा बारीक फवारा उडाला,
आणि ते माझ्या छातीच्या उंचीवर
थांबून राहिलं,
रिमोटवरचे अंगठे मी हलवत नव्हतो तरी.

उतरवल्यावर रुद्राप्पा उठला,
गुडघ्याची माती झाडली,
शेंगांची पुडी माझ्यापुढे धरली.
"तसं केसभर आहे अजून," तो मराठीत म्हणाला,
"खरं आज सांगणार नव्हतो."