बद्द

मडकं घेताना टिचकी मारून बघतात,
खणखणीत वाजलं तरच घरी आणतात.
काल्योचं उलटं.
त्याच्या खोक्यावर बोटाचं पेर आपटलं
की आवाज बद्द यायला हवा,
ओल्या मातीवर मूठ मारावी तसा.
खोक्याने स्वतःचं काही बोलायचं नसतं, म्हणाला.
त्या आठवड्यातलं त्याचं हे सर्वांत लांब वाक्य.

वोरूच्या बाहेर, घरामागच्या शेडमध्ये
बर्चचा प्लायवूड, अठरा मिलिमीटर, तेरा थर.
कडेवरून नख फिरवत थर मोजून दाखवले मला,
जशी मी गिऱ्हाईकच.
एकतीस वर्षं बसच्या गिअरवर असलेला हात
आता पट्टीवरच्या अर्ध्या मिलिमीटरपाशी अडतो,
परत जातो, चष्मा पुसतो,
परत येतो.

क्लॅम्प चारच होते.
म्हणून उरलेल्या सांध्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबा आवळल्या,
वर बटाट्यांची दोन पोती,
आणि पोत्यांवर, सरस जरा धरेपर्यंत, मी.
नोव्हेंबर. शेडमध्ये सरस धरेना.
खोकं स्वयंपाकघरात आलं.
चुलीकडची बाजू जास्त तापते म्हणून
मग झोपायच्या खोलीत.
चार रात्री मला पलंगावरून माझ्या बाजूने उतरता आलं नाही.

तार्मोचा फोन आला टॅलिनहून:
दुकानात याहून स्वस्त मिळतात, बाबांना सांग.
मी सांगितलं.
बाबांनी फोन ठेवायची खूण केली.

गोल भोकं पाडल्यावर ज्या चकत्या निघाल्या
त्यांचं काय करायचं ते त्याला सुचेना.
मोठीवर मी किटली ठेवली, छोटीवर कप.
जिथून आवाज येणार आहे
ती रिकामी जागा आता माझ्या टेबलावर आहे,
चहाचे डाग पडलेली.

नणंदेने, वाइकेने, मेंढ्यांची लोकर दिली.
तीनदा धुतली तरी गोठ्याचा वास गेला नाही.
हातानं विंचरून, सैल करून पोटात भरली दोघांच्या.
गाणं ऐकताना मेंढी ओरडेल, वाइके म्हणाली,
आणि एकटीच हसली बराच वेळ.

मग घासणं.
एकशेवीस नंबरचा कागद, एकशेऐंशी, दोनशेचाळीस.
ओल्या फडक्यानं पुसलं की लाकडाचे तंतू उभे राहतात,
अंगावर काटा आल्यासारखे.
वाळू द्यायचं. तो काटा घासून काढायचा.
पुन्हा ओलं फडकं.
हे किती वेळा करायचं ते कुठे लिहिलेलं नसतं,
काटा यायचा थांबतो तेव्हा कळतं.

जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून फेकू नकोस, म्हणाला.
बोळा आतल्या आत तापत जातो
आणि आपोआप पेटतो.
पसरून वाळत घाल.
तर माझ्या टॉवेलांशेजारी दोरीवर
दिवसभर त्याची पिवळी चिरगुटं.

याच काळात कानांची तपासणी झाली.
डॉक्टरबाईंनी आलेख दाखवला: रेघ सरळ चालते,
सात हजारांपुढे कड्यावरून खाली.
परतीच्या बसमध्ये मी विचारलं,
मग ते वरचं, नाण्याएवढं छोटं,
ते कुणासाठी बसवतोयस?
तो नव्या ड्रायव्हरचं वळण घेणं बघत होता.

शनिवारी तारा जोडल्या.
तबकडी काढायला वाकला, तेवढ्यात रेडिओच लागला,
मच्छीमारांसाठीचं हवामान:
वारा वायव्येकडून, सारेमापाशी लाटा दीड मीटर.
खोली बदलली नाही, भिंतीही त्याच,
पण दोन खोक्यांच्या मधोमध, जिथे काहीच नव्हतं,
तिथे एक बाई बसली होती.

कागद उलटला तिने, मी म्हणाले.
कधी?
आत्ता, दीड मीटरच्या नंतर.
त्याने मान कलती केली. थांबला.
बाई पुढच्या किनाऱ्यावर गेली होती.
कसा वाजला? त्याने विचारलं.

शब्द शोधले मी, मिळेनात.
खिडकीत दोनशेचाळीसचा तुकडा पडला होता, झिजून मऊ झालेला.
त्याचा तळहात उघडला
आणि तो कागद त्यावरून हळूच ओढला,
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

असा.